मुकी घंटी

३ जानेवारी, सोमवार

नवी डायरी. पत्रा पुरवणाऱ्या कंपनीने फुकट दिली. मागच्या वर्षीही दिली होती, ती कोरी राहिली. त्या वर्षी लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. यंदा घडणार, असं मन सांगतंय.

संकल्प: पहाटे उठणे. चहात साखर अर्धी. मेहुण्याशी वाद न घालणे. आणि ह्या डायरीत त्या देशाचं नाव न लिहिणे. आधीच सगळीकडे त्यांचंच नाव, माझ्या शाईने आणखी जाहिरात कशाला?

पहिल्या पानावर 'व्यवसाय' लिहायला बोटभर जागा आहे. माझं काम तेवढ्यात मावत नाही, म्हणून इथे लिहितो. सायकलच्या घंट्यांचा कारखाना. मी आवाज तपासणी विभागाचा प्रमुख. विभागात मी एकटाच आहे, पण प्रमुख लागतोच. प्रत्येक घंटी माझ्या टेबलावर येते. अंगठ्याने खटका दाबायचा, ऐकायचं, डाव्या ट्रेमध्ये पास, उजव्या ट्रेमध्ये नापास. लोक मला कानसाहेब म्हणतात.

पूर्वी उजवा ट्रे दुपारपर्यंत भरायचा. गेली काही वर्षं तो रिकामाच असतो, त्यात मी डबा ठेवतो. धाक असला की काम सुधारतं.

४ जानेवारी, मंगळवार

पहाटे उठलो नाही. गजर वाजलाच नाही. घड्याळ त्या देशाचं आहे. ही म्हणते, वाजला, सगळी इमारत उठली. हिला अतिशयोक्तीची सवय आहे.

७ जानेवारी, शुक्रवार

शेवटी आली! मालकांनी त्या देशाची घंटी आणली. बाजारात आपल्या निम्म्या किमतीत मिळते म्हणे. दिसायला गोंडस, चकचकीत, वजनाला काहीच नाही. सगळे माझ्या टेबलाभोवती जमले. अकाउंटवाला, पत्रा ठोकणारे प्रेसवाले, पॅकिंगच्या बाई. मालकांचा चेहरा उतरलेला. आपल्या ऑर्डरी आधीच कमी झाल्यात.

मी खटका दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. काही नाही. घंटी मुकी! नुसती चमक, आत आवाजच नाही.

मी तसं जाहीर केलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आनंदाने बोलती बंद झाली असणार. पॅकिंगच्या बाई काहीतरी बोलल्या, पण तोंडातल्या तोंडात. मालकांना म्हटलं, निवांत झोपा, ह्या घंटीने रस्त्यावरची मांजरसुद्धा बाजूला होणार नाही.

बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं. चहातही साखर पूर्ण घेतली, आजच्यापुरती.

९ जानेवारी, रविवार

न्हाव्याकडे. तिथे त्या देशावर चर्चा. न्हावी म्हणाला की ते लोक झोपतच नाहीत, पाळीपाळीने डोळे मिटतात. शेजारच्या खुर्चीतला फेस लावलेला गृहस्थ म्हणाला की ते एका आठवड्यात पूल बांधतात. न्हावी म्हणाला, आणि तो पुढच्या आठवड्यात पडतो. मग दोघेही म्हणाले की आपल्याकडे मात्र असं एकही माणूस करून दाखवत नाही. म्हणजे नक्की काय, पूल बांधून की पाडून, ते कळलं नाही.

आणखीही बरंच बोलले, पण नीट ऐकू आलं नाही. एक गोष्ट मी काही दिवस टिपतो आहे. हल्ली लोक पुटपुटतात. बँकेत, दुकानात, घरात, सगळीकडे. पूर्वी माणसं कशी खणखणीत बोलायची. तो देश पुढे गेल्यापासून आपल्या लोकांचा आत्मविश्वासच खचला आहे. वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने येतात, पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ह्यावर लेख लिहिणार.

१३ जानेवारी, गुरुवार

लेखाचं शीर्षक ठरलं: 'पुटपुटणारा समाज'. पुढचं सवडीने.

खचण्याची साथ घरातही आली आहे. ही स्वयंपाक करताना गुणगुणायची. लग्न झाल्यापासूनची सवय. एकच गाणं, तेही अर्धंच, पण घर भरल्यासारखं वाटायचं. गेली काही वर्षं बंद. मी विचारलं नाही, विचारलं की तक्रारी निघतात. पण महागाई, पोरीची चिंता, नवऱ्याच्या कारखान्यावर आलेलं संकट, ह्या सगळ्यामागे कोण आहे ते मला ठाऊक आहे. एखाद्या देशाने माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यावं म्हणजे हद्द झाली.

मुलीची वेगळीच तऱ्हा. ती संध्याकाळच्या क्लासला जाऊन त्यांची भाषा शिकते. मी विरोध केला होता. मग लक्षात आलं की शत्रूची भाषा घरात कुणाला तरी यायला हवी. तशी मी परवानगी देण्याआधीपासूनच ती जात होती.

१८ जानेवारी, मंगळवार

एका दुकानदाराने घंट्यांचं खोकं परत पाठवलं. तक्रार: वाजताना खरखर येते. मी सगळ्या पुन्हा वाजवल्या. एकीत खरखर असेल तर शपथ. हा दुकानदार त्या देशाला विकला गेलाय. सगळ्या पास करून परत पाठवायला सांगितल्या. पॅकिंगच्या बाईंनी खोकं कोपऱ्यात सरकवलं. बाई प्रामाणिक, पण हल्ली फारच हळू बोलतात.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे शेजारी आले. टीव्हीचा आवाज कमी करा म्हणाले. मी त्या देशाच्या अर्थव्यवस्थेवरची चर्चा बघत होतो. लोकांना सत्य ऐकायचं नसतं, दुसरं काय! ते गेल्यावर आवाज थोडा वाढवला.

२४ जानेवारी, सोमवार

बॉम्ब. मालकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं: पुढच्या आठवड्यात त्या देशाच्या कंपनीची माणसं येणार. आमच्याकडून घंट्या बनवून घेणार, वर शिक्का त्यांचा. करार झाला तर कारखाना चालेल, नाही झाला तर पुढच्या वर्षी इथे गोदाम होईल. हे मात्र मालक स्पष्ट आणि मोठ्याने बोलले. पहिल्यांदा बोलले तेव्हा मी काय म्हणून विचारलं होतं, म्हणून असेल.

मला वाटलं, आता ठिणगी पडणार. अकाउंटवाल्याने गेल्याच महिन्यात कँटीनमध्ये शपथ घेतली होती की त्यांची टाचणीही घरात आणणार नाही. तो उठला आणि त्याने विचारलं, त्यांना चहा चालतो की कॉफी? प्रेसवाला, जो त्यांना रोज जेवताना शिव्या घालतो, तो म्हणाला की काही म्हणा, माणसं मेहनती. दुपारपर्यंत निम्मा कारखाना नव्या शर्टाच्या गोष्टी करत होता. लोकांना मतं म्हणजे हातरुमाल वाटतात, घाम आला की बदलायची.

मी ठाम आहे. एकटा उरलो तरी ठाम.

२७ जानेवारी, गुरुवार

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. दुभाषी हवा आहे. तुमची मुलगी येईल का म्हणाले. छाती भरून आली. मी पहिल्यापासून म्हणत होतो की पोरीने ही भाषा शिकायला हवी.

हे वेगळं. ह्याने ठामपणाला बाधा येत नाही.

३० जानेवारी, रविवार

योजना तयार. कुणालाही सांगितलेली नाही.

पाहुणे आवाज विभागात आले की मी पडदा लावणार. पडद्यामागे दोन घंट्या, एक आपली, एक त्यांची. एक जण तिकडून वाजवणार, मी इकडे पाठ करून ओळखणार. आपली खणखणेल, त्यांची मुकी राहील. त्यांच्याच लोकांसमोर! मग करार आपल्या अटींवर. शिक्का आपला, आणि आवाज तपासणीसाठी त्यांच्या देशातल्या सगळ्या घंट्या माझ्याकडे. तिकडे जायला लागलं तर हिला नेईन. थंडी असते म्हणतात.

मेहुणा आला होता. त्याच्या दुकानात आता सगळा माल त्यांचाच, पण पाटी जुनीच. तो म्हणतो धंद्यात भावना नको. वाद घातला नाही. म्हणजे घातला, पण आवाज चढवला नाही. ही म्हणते, रस्त्यावर लोक थांबले होते.

१ फेब्रुवारी, मंगळवार

घंट्या वाजवायला पॅकिंगच्या बाईंना तयार केलं. आधी नकोच म्हणाल्या. साहेब, सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, हे खूळ सोडा, असं माझ्या कानाजवळ येऊन म्हणाल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. घाबरल्या आहेत. मी धीर दिला. म्हटलं, ह्या कानांवर विश्वास ठेवा. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, किंवा बोलल्या असतील.

२ फेब्रुवारी, बुधवार

इतिहास घडला. क्रमाने लिहितो.

पाहुणे दोघे. एक म्हातारबाबा, कंपनीतले मोठे, आणि एक इंजिनिअर बाई. दोघेही वाकून नमस्कार करणारे. अकाउंटवाला इतका वाकला की खिशातली पेनं सांडली. मुलगी मध्ये उभी, झरझर बोलत होती. एक अक्षर कळलं नाही, पण पोर शोभत होती. चष्मा दोनदा पुसला. धूळ असेल.

ते माझ्या खोलीत आले. इंजिनिअर बाईंनी भिंतीला हात लावून पाहिला. पलीकडे प्रेस विभाग आहे, घंटीच्या वाट्या तिथे ठोकतात. नवा माणूस इथे डोकं धरून बसतो. मला काही वाटत नाही. पूर्वी त्रास व्हायचा, आता ती धाडधाड जाणवतही नाही. प्रेसवाल्यांचंही काम सुधारलंय.

मालक पुढे निघणार तेवढ्यात मी कँटीनचा टेबलक्लॉथ दोरीवर टाकला. मालकांनी डोळे वटारले. मी छोटं भाषण केलं: घंटीचा जीव आवाजात असतो, वगैरे. मुलीने भाषांतर केलं. तिचं बरंच लवकर संपलं. मी पाठ फिरवून उभा राहिलो.

पहिली: ट्रिंग. मी ओरडलो, आपली! दुसरी: ट्रिंग. आपली!

मग काही नाही. मी म्हटलं, पुढची वाजवा. काही नाही. म्हटलं, बाई, वाजवा की! काही नाही. मी वळलो. सगळे विचित्र उभे होते. प्रेसवाल्याने कानांत बोटं घातलेली. मालक कपाळाला हात लावून. मी हसून पाहुण्यांना म्हटलं, बघा, तुमची अजून वाजायची आहे. मुलीने भाषांतर केलं. मी पुन्हा ओरडलो, वाजवा! मुलीने पुन्हा भाषांतर केलं. माझी खात्री झाली की बाई घाबरून गोठल्या. टेबलक्लॉथ बाजूला केला.

बाई खटका दाबत होत्या. त्यांचीच घंटी. दाबतच होत्या. अंगठा पांढरा पडला होता.

मी म्हटलं, सिद्ध झालं. मुकी.

मग मुलीने पाहुण्यांना काहीतरी सांगितलं. आणि म्हातारबाबांनी टाळ्या वाजवल्या! पुढे येऊन माझा हात हातात घेतला, दोनदा वाकले. त्यांच्या मागोमाग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी तर रुमालाने तोंड पुसलं.

पराभव असा हसत स्वीकारणारी माणसं मी पाहिली नव्हती. त्या देशाबद्दलचं माझं मत थोडं बदलतं आहे. माणसं कदरदार आहेत.

३ फेब्रुवारी, गुरुवार

करार झाला. कारखाना वाचला. माझ्यामुळे, असं कुणी म्हणत नाही, पण बघतात माझ्याकडेच.

न्हाव्याकडे गेलो. तिथे कुणीतरी त्या देशाला नावं ठेवत होतं. मी उठून सांगितलं की बाबांनो, पूर्वग्रह ठेवू नका, त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. शिस्त, नम्रता, गुणांची पारख. न्हावी म्हणाला, हा माणूस कोण? मी गेली कित्येक वर्षं त्याच्याकडेच येतो.

मुलीकडून त्यांच्या भाषेतला नमस्कार शिकलो. छान जमतो. ती म्हणते नाही जमत.

५ फेब्रुवारी, शनिवार

आज काही लिहायचं नाही.

६ फेब्रुवारी, रविवार

लिहितो. हिने काल सांगितलं. मुलगी सांगणार नव्हती, हिनेच तिच्याकडून काढून घेतलं.

मी "तुमची अजून वाजायची आहे" म्हटलं, तेव्हा मुलीने पाहुण्यांना सांगितलं की वडिलांना तुमच्या घंटीचा आवाज फार आवडला, ते पुन्हा ऐकू इच्छितात. मग "वाजवा" ओरडलो तेव्हा सांगितलं की त्यांचं अजून मन भरलेलं नाही. आणि मी "मुकी" म्हटलं, तेव्हा सांगितलं की ह्या घंटीपुढे आमची घंटी मुकी आहे, असं वडील म्हणतात. एवढ्या वर्षांत कुणी एवढं मोकळ्या मनाने बोललं नाही म्हणून म्हातारबाबांनी टाळ्या वाजवल्या.

घंटी वाजत होती. सगळा वेळ. मालकांच्या ड्रायव्हरने ती फाटकापाशी ऐकली.

पोर खोटं बोलली. भर कारखान्यात, मालकांसमोर, परक्या माणसांशी. मी तिला रागवायला तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. ती त्यांची भाषा शिकली नसती तर आज दीडशे माणसं घरी बसली असती, आणि त्यांच्या पुढे मी.

अर्थात एका बाजूने पाहिलं तर घंटीच्या आवाजाची पट्टी सदोष असू शकते. अनुभवी कानाला जो आवाज ऐकू येत नाही, त्याला आवाज म्हणायचं का, हा मूलभूत प्रश्न आहे. लेखात घेणार.

२१ फेब्रुवारी, सोमवार

त्या देशाचं यंत्र आलं. डब्याएवढं. घंटी आत ठेवायची, हिरवा दिवा पास, लाल दिवा नापास. माझ्या टेबलावर ठेवलं. माझी खुर्ची भिंतीकडे सरकवली, मग खोलीबाहेर. मालक खांद्यावर हात ठेवून म्हणाले की तुम्ही आता सल्लागार, शोरूममध्ये बसा, तिथे शांतता आहे. आवाज चढवून म्हणाले, आपुलकीने.

यंत्राने पहिल्याच दिवशी उजवा ट्रे भरला. मला डबा ठेवायला जागा राहिली नाही. अत्यंत तुसडं यंत्र. त्यांच्या नम्रतेत काही अर्थ नाही, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो.

हिने आणखी एक गोष्ट सांगितली. त्या इंजिनिअर बाईंनी निघताना मुलीला एकच विचारलं होतं: वडील त्या भिंतीला लागून किती वर्षं बसतात? आणि म्हणाल्या होत्या की माझे वडीलही प्रेसवर होते, तेही असंच म्हणायचे, पुन्हा वाजव. म्हणजे सगळं भाषांतर त्यांना पटलेलं नव्हतं. तरी त्या गप्प राहिल्या, टाळ्याही वाजवल्या. हे त्यांना कुणी सांगितलं होतं? राग धड धरताही येत नाही असं वागतात ही माणसं.

२६ फेब्रुवारी, शनिवार

दोघींनी मिळून कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर टोपणं. आवाज आला की बोट वर करा म्हणाले. मी बराच वेळ बसलो. म्हटलं, सुरू कधी करणार? ते म्हणाले, संपलं.

तपासणीचं मशीन त्याच देशाचं. आमचा एवढा वाद झाल्यावर ते माझ्या बाजूने कसं बोलेल? निकाल मान्य नाही.

डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र सुचवलं. शेंगदाण्याएवढं. कुठल्या देशाचं ते मी विचारलं नाही, हिने सांगितलंही नाही. नको म्हणून सांगितलं. आपण ठाम.

५ मार्च, शनिवार

यंत्र घरात आलं. मुलीने पहिल्या पगारातून घेतलं, म्हातारबाबांच्या कंपनीत तिला भाषांतराचं काम मिळालंय. डबी टेबलावर ठेवून गेली. डबीवर खाली बारीक अक्षरांत देशाचं नाव असतं. वाचायला चष्मा लागेल. चष्मा सापडत नाही. शोधतही नाहीये.

संकल्प: घालणार नाही.

६ मार्च, रविवार, सकाळी

घातलं. फक्त दोष काढण्यासाठी.

पहिला दोष: फार आवाज करतं. पंखा बडबडतो. वर्तमानपत्राचं पान उलटलं की पत्र्याची शेड कोसळल्यासारखं होतं. माझ्या चपला एवढ्या बोलतात हे मला माहीत नव्हतं.

मग कपाटातून घंटी काढली. कारखान्यातली, मी स्वतः निवडलेली, गेल्या वर्षीची सर्वात उत्तम. काचेच्या मागे ठेवली होती. खटका दाबला. खर्रर्र. पुन्हा दाबला. खर्रर्र. मला वाटलं यंत्र बिघडलं. यंत्र काढून दाबला, ट्रिंग. घालून दाबला, खर्रर्र. त्या दुकानदाराची माफी मागायला हवी. आज रविवार, दुकान बंद असेल.

घंटी नापास. पण घरात उजवा ट्रे नाही, म्हणून परत काचेमागे ठेवली.

तेवढ्यात बारीक आवाज सुरू झाला. आधी वाटलं हे यंत्रच शिट्टी मारतंय. काढलं, बंद. घातलं, सुरू. आवाजाच्या मागे मागे गेलो. स्वयंपाकघरात पोहोचलो.

ही पाठमोरी उभी होती. भाजी चिरत होती आणि गुणगुणत होती. तेच गाणं, तेच अर्धं.

मी विचारलं, पुन्हा कधीपासून सुरू केलंस? तिने वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, बंद कधी केलं होतं?

मी बराच वेळ दारात उभा राहिलो. कुणी पुटपुटत नव्हतं. त्या देशाचाही काही संबंध नव्हता. ही एवढी वर्षं माझ्या पाठीशी गात होती, आणि मी तिचं गाणं दुसऱ्याच्या खात्यावर टाकून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या ओळीत सूर घसरतो. लग्नात घसरायचा तिथेच.

पास केली.